जांभळ्या झाकणाची ट्यूब आणि "इम्युनिटी कमी पडली"

जांभळं_झाकण

गेले पंधरा दिवस फोन उचलला की पलीकडून "हॅलो" यायच्या आधी "किती झाल्या?" येतं. किती म्हणजे प्लेटलेट. मी नागपुरात मानेवाड्याकडच्या एका लहानशा पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सीबीसीचं, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या तपासणीचं, रक्त जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये येतं, त्यावरून हा आयडी.

या वेळी डेंग्यू घरातच झाला. माझा भाचा, वय 14. दुसऱ्या दिवशी डेंग्यूची एनएस-वन टेस्ट पॉझिटिव्ह, पांढऱ्या पेशी 2,900, प्लेटलेट 1,42,000. मग 96,000. मग 61,000. पाचव्या दिवशी 38,000 आल्या आणि ताईच्या घरी सुतक असल्यासारखी शांतता. जावईबापूंनी पपईच्या पानांसाठी कॉलनीतलं एकुलतं झाड खराट्यासारखं करून टाकलं. कोणी बकरीचं दूध आणलं, कोणी किवी, कोणी गुळवेलीचा काढा. आणि येणारा प्रत्येक जण तेच म्हणून गेला: "पोराची इम्युनिटी कमी पडली."

त्याच दुपारी मी त्याची स्लाइड लावली. मशीन आकडा देतं, पण एवढ्या कमी प्लेटलेट असल्या की मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय सोडत नाही. कधी कधी त्या ट्यूबमध्ये एकमेकींना चिकटून गठ्ठे करतात आणि मशीन उगाच कमी मोजतं. लीशमन स्टेन, तेलाचा थेंब, शंभराची लेन्स. गठ्ठे नव्हते, प्लेटलेट खरंच कमी होत्या. पण दिसल्या त्या लिम्फोसाइट, पांढऱ्या पेशींतली एक जात. एरवी या गोल, गच्च, जेमतेम लाल पेशीएवढ्या असतात. इथे त्या दुपटीने फुगलेल्या, आणि निळसर पदर पसरून शेजारच्या लाल पेशींना कवटाळून बसलेल्या. डेंग्यूत हे नेहमीचं दृश्य आहे. विषाणूची ओळख पटलेल्या पेशी कामाला जुंपल्या की अशा दिसतात.

कमी पडली? मला तर पोराच्या अंगात अख्खी फौज उठलेली दिसत होती.

म्हणून हा धागा. "इम्युनिटी" ही मोबाइलच्या बॅटरीसारखी एकच पट्टी आहे, ती फुल चार्ज केली की झालं, असं आपल्याकडे सगळ्यांनी धरून ठेवलंय. तसं नसतं. कातडी, नाकातला शेंबूड, पोटातलं आम्ल ही झाली बाहेरची कुंपणं. ती ओलांडली की न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, धावतात. आपली अस्थिमज्जा रोज साधारण 10,000 कोटी न्यूट्रोफिल बनवते आणि त्यातल्या बहुतेक दिवसभरात संपतात. विषाणू पेशीत शिरला तर ती पेशी इंटरफेरॉन सोडून शेजारणींना सावध करते. अंग मोडून येणं, कणकण, काही खावंसं न वाटणं, यातलं बरंचसं अशा निरोपांमुळे होतं. नेमकी ओळख पटवून अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी मात्र उशिरा पोचतात, पाच-सहा दिवस लावतात. म्हणून डेंग्यूची आयजीएम, म्हणजे अँटीबॉडीची, टेस्ट दुसऱ्या दिवशी केली तर निगेटिव्ह येते आणि पाचव्या दिवसानंतर पॉझिटिव्ह. लोक म्हणतात लॅब चुकली. अहो, तोवर तुमच्या शरीराने ती बनवलेलीच नसते, आम्ही कुठून दाखवू?

आणि सगळ्यात महत्त्वाचं: डेंग्यूत खरा धोका ताप उतरताना असतो. थर्मामीटर खाली आला की घरचे पेढे आणायला निघतात आणि नेमक्या त्याच एक-दोन दिवसांत काही जणांच्या रक्तवाहिन्या झिरपायला लागतात. तोवर रक्तातला विषाणू बराच कमी झालेला असतो, या झिरपण्यात मोठा हात शरीराने उठवलेल्या गदारोळाचा असतो. आता सांगा, "वाढवा" म्हणजे नेमकं काय वाढवू?

अनुभव, शंका, शिव्या, सगळं येऊ द्या.

---

वर्धारोड

भाचा कसा आहे ते आधी सांगा.

मला 2021 मध्ये डेंग्यू होऊन गेलाय, आठ दिवस मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, होतो. म्हणजे आता माझ्याकडे अँटीबॉडी आहेत, मी सेफ. बरोबर ना?

---

जांभळं_झाकण

@वर्धारोड, भाचा बरा आहे. 38 वरून 52, मग 90, परवा 1,64,000. पपईवाल्यांनी श्रेय घेऊन टाकलंय. सातव्या-आठव्या दिवशी त्या आपोआप चढतातच. पानांच्या अर्काने आकडा थोडा लवकर चढतो असं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय, नाही असं नाही. पण डॉक्टर घाबरतात ते नुसत्या आकड्याला नाही. ते पीसीव्ही बघतात, म्हणजे रक्त घट्ट होतंय का. ते वाढायला लागलं की समजायचं पाणी वाहिन्यांबाहेर चाललंय. शिवाय पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, पोरगं सुस्तावणं. यातलं एक जरी दिसलं तरी प्लेटलेट कितीही असोत, दवाखाना गाठायचा. आणि तापाला ब्रुफेन किंवा अॅस्पिरिन अजिबात नाही, फक्त पॅरासिटामॉल, तेही विचारून.

आता तुमचं. सेफ नाही, भाऊ. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा झाला की त्या प्रकारापुरतं बहुधा जन्मभराचं संरक्षण मिळतं. दुसऱ्या प्रकाराने गाठलं तर जुन्या अँटीबॉडी त्याला चिकटतात, पण निकामी करू शकत नाहीत. उलट अँटीबॉडी चिकटलेली वस्तू गिळायची सवय असलेल्या पेशी त्या विषाणूला आपल्या हाताने आत घेतात. चोराला पोलिसाच्याच जीपमधून वस्तीत सोडल्यासारखं. म्हणून दुसऱ्यांदा होणारा डेंग्यू गंभीर व्हायची शक्यता जास्त. 2016 मध्ये फिलिपीन्समध्ये शाळकरी मुलांना डेंग्यूची लस द्यायला सुरुवात झाली. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात लस बनवणाऱ्या कंपनीने सांगितलं, की ज्यांना आधी कधीच डेंग्यू झाला नव्हता त्यांना लसीनंतर झाला तर तो जास्त गंभीर होऊ शकतो. लसीने पहिल्या डेंग्यूचं काम केलं होतं.

मच्छरदाणी लावा.

---

वर्धारोड

झोप उडवलीत.

---

जांभळं_झाकण

तसाही तो डास दिवसाच चावतो. दुपारची झोप उडाली तर बरंच आहे.

---

निवृत्त_मास्तर

पस्तीस वर्षं नववी-दहावीला जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे राहवत नाही.

पेशी धावून जातात हे पहिल्यांदा बघितलं ते इल्या मेचनिकोव्ह या रशियन माणसाने, 1882 साली, इटलीतल्या मेसिना गावी. घरचे सगळे सर्कस बघायला गेलेले, हा एकटा सूक्ष्मदर्शकापाशी. समोर तारामाशाच्या अळ्या, काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या. आत फिरणाऱ्या पेशी बघता बघता त्याच्या मनात आलं, अळीला काटा टोचला तर या पेशी काट्याभोवती जमतील का? बागेत गेला, गुलाबाचे काटे आणले, अळ्यांच्या कातडीखाली खुपसले आणि रात्रभर झोपला नाही. सकाळी बघतो तर काट्याला पेशींचा वेढा. या कामासाठी 1908 चं नोबेल त्याला पॉल एर्लिशबरोबर विभागून मिळालं. गंमत म्हणजे दोघांचे पक्ष वेगळे. मेचनिकोव्ह म्हणायचा, गिळणाऱ्या पेशी रक्षण करतात. एर्लिशची बाजू रक्तद्रवातल्या पदार्थांची. निघालं काय, तर दोघंही बरोबर.

वर्गात हे सांगताना मी बाभळीचा काटा आणि साबुदाणे घेऊन जायचो. पोरं साबुदाणे खाऊन टाकायची.

आपल्या गावासाठी खास तपशील: त्या बागेत काही दिवस आधीच मुलांसाठी ख्रिसमसचं झाड सजवलं होतं. ते झाड होतं टँजरिनचं, संत्र्याच्याच भावकीतलं.

---

कळमनाकर

मास्तर, म्हणजे संत्र्याचा संबंध हायेच ना! आता अंबिया बहाराचा माल उतरून राहिला कळमन्याच्या बाजारात. ताई, खरं खरं सांगा, संत्र्यानं इम्युनिटी वाढते का नाही वाढत? माह्या धंद्याचा सवाल आहे. कोविडमध्ये लोकायनं पेट्याच्या पेट्या नेल्या होत्या बाप्पा.

---

जांभळं_झाकण

@कळमनाकर भाऊ, तुमच्या पोटावर पाय द्यायचा नाही, पण खरं सांगते.

क जीवनसत्त्व शरीराला लागतंच. पांढऱ्या पेशी ते स्वतःत साठवून ठेवतात आणि ते मिळालंच नाही तर हिरड्या सुजतात, जखमा भरत नाहीत. पण गरज आहे दिवसाला 100 मिलिग्रॅमच्या आतबाहेर. मोठंसं एक संत्रं आणि वर एक पेरू, झालं काम. पोट भरल्यावर आणखी दहा खाल्ली तर जास्तीचं लघवीवाटे जातं. रोज गोळ्या घेणाऱ्यांवर कितीतरी अभ्यास झालेत. साध्या माणसाची सर्दी टळत नाही, झाली तर किंचित लवकर आटपते.

हे क जीवनसत्त्वाचं वेड जगभर पसरवण्यात लायनस पॉलिंगचा मोठा हात. केवढा माणूस! दोन नोबेल, दोन्ही एकट्याची: 1954 चं रसायनशास्त्राचं आणि 1962 चं शांततेचं. म्हातारपणी रोज मूठमूठ क जीवनसत्त्व खायचा. पण मला तो आवडतो वेगळ्याच कारणासाठी. सिकल सेल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार, त्याच्या रुग्णांचं हिमोग्लोबिनच वेगळं असतं, हे 1949 मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. एखाद्या रोगाचं मूळ एका रेणूपर्यंत पोचवण्याची ती पहिली वेळ. विदर्भात बसून आपण त्या माणसाचं नाव काढायचं तर ते संत्र्यापेक्षा सिकलसाठी काढावं.

---

भंडारारोड_पारडी

सिकलचं निघालं म्हणून लिहितो. एरवी नुसता वाचतो.

आम्ही दोघं नवरा-बायको एएस, म्हणजे सिकलचे वाहक. लग्नाआधी कोणी तपासलं नाही. मुलगी एसएस, म्हणजे दोघांकडून आलेला, पूर्ण आजार. आता नऊ वर्षांची आहे, शाळेत जाते, चित्रं छान काढते. दर गरोदरपणात चारात एक शक्यता असते म्हणतात, ती आमच्या वाट्याला पहिल्याच खेपेला आली. ती दीड वर्षाची असताना एका दवाखान्यात ताप आहे म्हणून सिरप देऊन घरी पाठवलं. सिकल आहे हे आम्ही सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी ती डोळे उघडेना. पुढे मेडिकलला दहा दिवस काढले. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा नीट समजावलं, की हिची पाणथरी काम करत नाही.

ताई, तुम्ही सांगाल का, पाणथरीचा आणि तापाचा काय संबंध? मला समजलंय, पण माझ्या भावाला हा धागा वाचायला देणार आहे. त्याच्या घरीही पाळणा हलणार आहे.

---

जांभळं_झाकण

दादा, नक्की सांगते.

पाणथरी म्हणजे प्लीहा, डाव्या बरगड्यांखाली असते. रक्त तिच्यातून फार बारीक वाटांनी गाळून जातं. म्हाताऱ्या, वाकड्या लाल पेशी ती काढून टाकते आणि रक्तात शिरलेले जंतूही पकडते. न्यूमोकोकससारखे काही जंतू अंगाभोवती गुळगुळीत आवरण घेऊन फिरतात, ते बाकीच्या पेशींच्या हातून निसटतात. त्यांना धरायचं मोठं ठाणं म्हणजे पाणथरी. सिकलच्या विळ्यासारख्या पेशी तिच्याच बारीक वाटांमध्ये अडकतात, तिथला रक्तपुरवठा तुटत जातो आणि बरेचदा पहिल्या काही वर्षांतच ती सुकून निकामी होते. बाकी सगळी फौज शाबूत, पण एक ठाणं रिकामं. म्हणून एसएस मुलाचा ताप हा साधा ताप धरायचाच नाही. 38.5 सेल्सिअसच्या वर गेला की रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना. निदान पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिन आणि न्यूमोकोकसची लस याचसाठी असते.

हे मला स्लाइडवर दिसतं. काही लाल पेशींत टाचणीच्या टोकाएवढा एक गर्द जांभळा ठिपका उरलेला असतो, हॉवेल-जॉली बॉडी म्हणतात त्याला. पेशी तयार होताना केंद्रकाचा राहून गेलेला तुकडा. पाणथरी धड असेल तर ती असे ठिपके वेचून काढते, तांदळातले खडे वेचावे तसे. ठिपके दिसले की मी समजते, निवडणारी बाई घरात नाही.

आणि याच्या उलटी बाजूही आहे. तुम्ही दोघं एएस, म्हणजे अर्धा वारसा. हा अर्धा वारसा असलेल्यांना फाल्सिपॅरम मलेरियाचं गंभीर रूप फार कमी होतं, हे अँथनी अॅलिसनने 1954 मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून मांडलं. मलेरियाच्या मुलखात पिढ्यानपिढ्या ज्यांच्याकडे हे होतं ती लेकरं जगली. गडचिरोलीकडे बघा, मलेरियाही आहे आणि सिकलही, म्हणजे हे पुस्तकातलं वाटणार नाही. शरीराने एका रोगापासून बचावाची वाट काढली, तिचा हिशोब तुमच्या लेकीसारख्यांकडून वसूल होतोय. लोक हिला रक्तदोष म्हणतात, तेव्हा मला राग येतो.

भावाला आणि वहिनींना आजच तपासायला सांगा. सोल्युबिलिटी टेस्ट साधी असते, ती पॉझिटिव्ह आली तर पक्कं करायला एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही टेस्ट. सरकारी ठिकाणी फुकट होते.

---

भंडारारोड_पारडी

धन्यवाद ताई. "निवडणारी बाई घरात नाही" हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग आपणच निवडायचं.

---

काढा_प्रेमी

सगळं मान्य, पण तुम्ही गुळवेलीला नावं ठेवता ते पटलं नाही. आमच्या घरी तीन पिढ्या घेतात. ॲलोपॅथीवाल्यांना आपलं काही चांगलं दिसतच नाही.

---

आमवात_घरी

@काढा_प्रेमी, माझ्या आईला रूमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. म्हणजे तिची रोगप्रतिकारक यंत्रणा तिच्याच सांध्यांना परकं समजते. कोविडच्या वेळी शेजाऱ्यांनी भीती घातली म्हणून तिने "इम्युनिटी बूस्टर" म्हणून विकलं जाणारं चूर्ण चार महिने घेतलं. त्या काळात सांधे असे सुजले की चहाचा कप धरता येईना. चूर्णामुळेच झालं असं मी म्हणत नाही, तेव्हा तिच्या गोळ्याही चुकत होत्या. पण डॉक्टरांनी विचारलेलं अजून आठवतं: "तुमच्या आईची यंत्रणा आधीच उधळलेली आहे, आम्ही तिला लगाम घालतोय, आणि तुम्ही तिला चाबूक मारताय?"

---

जांभळं_झाकण

@काढा_प्रेमी, नावं ठेवत नाही. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला सूज आल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं. तुम्हाला तीन पिढ्या सोसत असेल तर घ्या. ज्यांना थायरॉइड, आमवात, ल्यूपस असे आजार आहेत त्यांनी मात्र विचारून घ्यावं, एवढंच.

@आमवात_घरी, तुमच्या डॉक्टरांचा लगाम अगदी चपखल आहे. 2025 चं वैद्यकाचं नोबेल त्याच लगामाला मिळालं. जपानचे शिमोन साकागुची, अमेरिकेच्या मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल. स्वतःच्याच अंगावर धावून जाणाऱ्या पेशींना आवरणाऱ्या पेशी असतात, हे साकागुचींनी 1995 मध्ये दाखवलं. ब्रंको आणि रॅम्सडेल यांनी 2001 मध्ये त्यामागचं जनुक शोधलं. या पेशी नसत्या तर आपण जंतूंवाचूनच आजारी पडलो असतो. त्यांची पावडर करून विकायचं अजून कोणाला सुचलेलं नाही, कारण "इम्युनिटी आवरा" असं लिहिलेला डबा कोण घेणार?

---

सावजी_रस्सा

एक भाबडा प्रश्न. मे महिन्यात आपल्याकडे 45-46 होतं, अंग तापतं, आपण म्हणतो ऊन लागलं. तेव्हा क्रोसिन का चालत नाही? ताप तो ताप ना?

आणि सर्दीत सावजी चिकन खाल्लं की नाक मोकळं होतं, ती इम्युनिटीच का?

---

जांभळं_झाकण

सावजीने नाक मोकळं होतं ते तिखटामुळे. अर्ध्या तासात परत बंद. पण खा.

पहिला प्रश्न मुळीच भाबडा नाही. ताप शरीर स्वतः आणतं. मेंदूतला थर्मोस्टॅट 37 वरून 39 वर सरकवला जातो, म्हणून अंग गरम असूनही थंडी वाजते, माणूस गोधडी मागतो. पॅरासिटामॉल तो काटा परत खाली आणतं. ऊन लागतं तेव्हा काटा जागेवरच असतो, बाहेरची उष्णता अंगात साचते, शरीराला ती नकोच असते. काटा सरकलेलाच नाही तर गोळी खाली काय आणणार? तिथे पाणी ओतायचं, ओल्या चादरीत गुंडाळून पंखा लावायचा आणि माणूस बरळायला लागला तर पळवत न्यायचं. खिशातल्या कांद्याबद्दल मी काही बोलणार नाही, माझी आजी अजून हा फोरम वाचते.

---

आशाताई_कुही

मी गावात आशा म्हणून काम करते. बाळंतिणीचं पहिलं दूध पिवळं, घट्ट असतं, ते सासवा पिळून टाकायला लावतात. गाईच्या चिकाचा खरवस चवीनं खातात आणि स्वतःच्या सुनेचा चीक वाया! मी आता भांडत नाही, एवढंच म्हणते, "माय, पह्यल्या पाण्यावरच पेरणी होते का नाही?" मग ऐकतात.

ताई, त्यात अँटीबॉडी असतात हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं. मग पोटातल्या आम्लाने त्या मरत नाहीत का?

---

जांभळं_झाकण

आशाताई, भारी प्रश्न. त्या बहुतेक आयजीए जातीच्या असतात आणि त्यांना पचनात टिकायला मदत करणारा एक तुकडा आधीच जोडलेला असतो. शिवाय तान्ह्याच्या पोटात आम्ल मोठ्यांइतकं तीव्र नसतं. त्यांना रक्तात जायचंच नसतं, आतड्याच्या अस्तरावर पहारा द्यायचा असतो. रक्तातला साठा आईने वारेतून आधीच दिलेला असतो, तो काही महिन्यांत ओसरतो.

तुमची पेरणी मी चोरणार आहे.

---

कूलरवाला_सक्करदरा

म्या एवढं शिकलेलो नाही, पण दोन शब्द सांगतो. कूलर रिपेरिंग करतो वीस वर्षं झाले. जूनमधे पाणी पडलं की लोकं कूलर बंद करतात अन् गच्चीवर तसाच ठेवून देतात. टाकीत बोटभर पाणी. सप्टेंबरात मले बलावतात मोटर काढाले, तर आत वळवळ करून राहिले असते सगळं. म्या म्हणतो पाणी फेका, तर म्हणतात फेकलं होतं भाऊ.

---

जांभळं_झाकण

दादा, तुम्ही फार मोलाचं लिहिलंत. नुसतं फेकून भागत नाही. त्या डासाची मादी अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओल्या भिंतीला चिकटवते. टाकी कोरडी झाली तरी ती महिनोन् महिने तग धरतात आणि पुढच्या पाण्यात फुटतात. तारेच्या ब्रशने भिंती घासाव्या लागतात.

---

कूलरवाला_सक्करदरा

असं होय. म्हणूनच नवीन पाणी भरलं की आठ दिवसात परत दिसते. म्या समजे नळातूनच येते.

उद्यापासून मोटर काढाले गेलो की टाकी घासूनच देतो. वरचे पन्नास रुपये मागीन. देईन का कोणी?

---

वर्धारोड

माझ्याकडे दोन आहेत. उद्या सकाळी या. शंभर देतो.